वादळात छप्पर उडाले, घर गळू लागले: सरकारी मदत कोणाला, किती आणि कशी?

वादळी वाऱ्याने घराचे पत्रे उडाले, कौले फुटली, भिंत खचली किंवा छपरातून पाणी येऊन घरातील सामान भिजले, तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून (एसडीआरएफ) मदत मिळू शकते. या निधीत बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो, तर ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांसाठी तो ९० टक्के असतो. उरलेला वाटा राज्य उचलते. पैसे आपल्यापर्यंत पोहोचतात ते महसूल खात्यामार्फत.

एक शब्द आधीच नीट समजून घ्या. शासकीय कागदात येथे ‘मदत’ असा शब्द असतो, ‘भरपाई’ असा नसतो. झालेला सगळा खर्च भरून देणे हा या निधीचा हेतू नाही. तातडीचा हातभार लावणे एवढाच हेतू आहे. त्यामुळे पुढील रकमा पाहून निराशा होऊ शकते, पण त्या मिळवण्यासाठी अर्धा दिवस खर्च करणे नक्कीच योग्य आहे.

रक्कम किती?

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेले दर असे आहेत. घर पूर्णपणे नष्ट झाल्यास मैदानी भागात १,२०,००० रुपये आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये मिळतात. येथे घर पक्के की कच्चे असा भेद नाही. घराचे किमान १५ टक्के नुकसान झाले असल्यास पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मिळतात. झोपडीला ८,००० रुपये आणि घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये आहेत. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात राहिले, तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये मिळतात. ही शेवटची मदत कुटुंबाला असते, घराला नाही. म्हणून अशा घरात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबानेही पंचनाम्यात आपले नाव घालण्यास सांगावे.

राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून यापेक्षा जास्त देऊ शकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा पूर्ण पडलेल्या घराचा केंद्रीय दर मैदानी भागासाठी ९५,१०० रुपये होता. महाराष्ट्राने तेव्हा दीड लाख रुपये जाहीर केले. कर्नाटकाने २०१९ च्या पुरानंतर अशा घरांसाठी ५ लाख रुपये जाहीर केले होते. अशी वाढ मात्र त्या-त्या आपत्तीपुरती असते. मागच्या वेळी शेजाऱ्याला मिळालेला आकडा या वेळी लागू होईलच असे नाही.

झोपडी की कच्चे घर?

मदतीच्या रकमेत सर्वात मोठा फरक या एका रकान्याने पडतो. मातीच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेले घर पूर्ण पडले आणि पंचनाम्यात ‘कच्चे घर’ अशी नोंद झाली, तर १,२०,००० रुपये. त्याच घरापुढे ‘झोपडी’ असे लिहिले गेले, तर ८,००० रुपये. नियमांनुसार झोपडी म्हणजे कच्च्या घरापेक्षाही तात्पुरता निवारा: गवत, माती, प्लास्टिकचा कागद अशा साहित्याचा, आणि जिल्हा प्रशासन ज्याला पूर्वापार झोपडी मानत आले आहे असा. बोलीभाषेत आपण नम्रपणे ‘आमची झोपडी पडली’ असे म्हणतो. पंचनामा लिहिताना तसे म्हणू नका. भिंती कशाच्या, खोल्या किती, घरपट्टी भरता का, हे सांगा. नियमांनुसार घराचे बांधकाम अधिकृत असावे लागते, म्हणून घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीतील नोंदीचा उतारा हाताशी ठेवा.

वादळ कोणते, हेही पाहिले जाते

केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, पूर, गारपीट, ढगफुटी, दरड कोसळणे या आपत्ती आहेत. चैत्र-वैशाखात दुपारी आभाळ भरून येते आणि दहा मिनिटांत पत्रे उडतात, तो वळीव म्हणजे चक्रीवादळ नाही. अशा घटनांसाठी राज्ये आपल्या निधीच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींवर खर्च करू शकतात. त्यांची यादी राज्यागणिक वेगळी असते. महाराष्ट्राच्या यादीत अवेळी पाऊस आणि वीज पडणे आहे, उत्तर प्रदेशात आंधी-तुफान आहे, ओडिशात वावटळ आणि अतिवृष्टी आहे. म्हणून अर्जात केवळ ‘घर गळते’ असे लिहू नका. तारीख, अंदाजे वेळ, वारा, पाऊस किंवा गारा यांचा जसा घडला तसा उल्लेख करा.

नुसती गळती या योजनेत बसत नाही. कौले वर्षानुवर्षे शाकारली नाहीत किंवा स्लॅबला जुनी भेग आहे आणि पावसाळ्यात पाणी ठिबकते, हा देखभालीचा प्रश्न आहे. वाऱ्याने कौले सरकली, पत्र्याचे हुक उपसले, झाड पडून वासा मोडला आणि त्यामुळे पाणी आले, तर तो आपत्तीचा परिणाम ठरतो. गळती कधीकधी दोन-तीन दिवसांनी, पुढच्या सरीत कळते. पंचनामा आधीच झाला असेल तर लगेच लेखी कळवून पोच घ्या.

काय करावे?

आधी मेन स्विच बंद करा. ओली भिंत आणि वायरिंग एकत्र आले की विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन चढू नका. तो वरून धड दिसतो आणि अचानक फुटतो.

मग फोटो काढा: संपूर्ण घर दिसेल असा एक, छपराचा आतून आणि बाहेरून, भिजलेल्या सामानाचा. त्यानंतर ताडपत्री घाला. पंचनाम्याची वाट पाहत घर भिजू देण्याची काहीच गरज नाही. फुटकी कौले आणि वाकलेले पत्रे मात्र फेकू नका, एका कोपऱ्यात रचून ठेवा.

महाराष्ट्रात तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामपंचायतीला कळवा. गोव्यात आणि गुजरातेतही तलाठीच भेटतील. इंदूरकडे पटवारी, उत्तर प्रदेशात लेखपाल. गावात कोणी भेटत नसेल तर तहसील कार्यालयात (गोव्यात मामलेदार कार्यालयात) लेखी अर्ज द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

१५ टक्क्यांची अट येथे निर्णायक ठरते. ‘पत्रे उडाले’ यापेक्षा ‘एकूण ४० पत्र्यांपैकी १४ उडाले, दोन वासे मोडले, स्वयंपाकघराची पूर्वेकडील भिंत पडली’ अशी नोंद करून घ्या. सही करण्यापूर्वी पंचनामा वाचा, वाचता येत नसेल तर वाचून दाखवण्यास सांगा आणि फोटो काढून ठेवा. आधार आणि बँक पासबुकाची प्रत द्या, कारण रक्कम सहसा थेट खात्यात येते. यादीत नाव नसल्यास तहसीलदारांकडे लेखी हरकत घ्या.

शहरातील सदनिका आणि विमा

सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचे पाणी येत असेल, तर महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती संस्थेने करायची असते. तहसील कार्यालयात जाऊन उपयोग नाही, संस्थेच्या सचिवांना पत्र द्या.

‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित विमा पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात वादळ, पूर तसेच पाण्याची टाकी किंवा नळ फुटून झालेले नुकसान येते. घराचा विमा घेतला की सामानालाही घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप मिळते. गृहकर्ज असल्यास बँकेने घराचा विमा उतरवलेला असू शकतो. कर्जाच्या कागदांत तो शोधा, आणि सापडल्यास दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी कंपनीला कळवा, म्हणजे त्यांचा सर्वेक्षक नुकसान पाहू शकेल.