घरात भरणारी मंडळी: खानदेशातील प्रार्थनागट आणि त्यांचे पुढारी

ख्रिस्ती प्रार्थनागटाचा पुढारी हा पाळक नव्हे. त्याला दीक्षा नसते, पगार नसतो आणि बहुतेक पंथांत बाप्तिस्मा देण्याचा अधिकारही नसतो. आठ-दहा माणसांना आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमवायचे, पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचा, प्रार्थना करायची आणि उरलेले सहा दिवस त्या माणसांची खबरबात ठेवायची, हे त्याचे काम. खानदेशातल्या जळगाव, धुळे आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार या जिल्ह्यांत एकेका पाळकाकडे अनेक गावे-पाडे असतात. तो महिन्यातून एखाद्या रविवारी येणार. रोजच्या जगण्यातली श्रद्धा घडते ती या बिनपगारी माणसाच्या हातून.

या पद्धतीची मुळे पवित्र शास्त्रातच आहेत. निर्गमाच्या 18व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो. ते पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमायला सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत तंबूचा धंदा करणारे अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे अपुल्लो या विद्वान वक्त्याला आपल्याकडे नेऊन त्याच्या शिकवणीतली उणीव भरून काढते. भर सभास्थानात त्याला टोकत नाही. दुसऱ्याची चूक कशी दुरुस्त करावी याचा याहून चांगला धडा पुढाऱ्याला मिळायचा नाही.

आजच्या गटांच्या रचनेवर मोठा ठसा आहे तो अठराव्या शतकातल्या इंग्लंडचा. 1742 मध्ये ब्रिस्टल येथे मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी, असे ठरले. पैसे मागायला घरोघर गेलेल्यांना घरातले खरे चित्र दिसू लागले: कुठे दारू, कुठे भांडण, कुठे आजारपण. वेस्लींनी यातली संधी ओळखली आणि वसुलीसाठी केलेली विभागणी परस्परांच्या देखरेखीचा वर्ग बनली. 1871च्या अखेरीस मुंबईत आलेले अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर यांनी हीच रीत इथे रुजवली. इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबांच्या घरी त्यांनी छोटे गट बसवले आणि ते साध्या सभासदांच्या हाती सोपवले. 1848 पासून मुंबईत अत्यंत साधेपणाने राहणारे मिशनरी जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले.

खानदेशचे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेकडे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेमार्गावरच्या गावांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचे काम होते. पश्चिमेकडे नंदुरबार-नवापूर पट्ट्यात, भिल्ल आणि मावची लोकांत, फ्रेडरिक फ्रान्सन यांनी 1890 मध्ये अमेरिकेत स्थापलेल्या स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे. शास्त्र मराठीत, तर घरातली बोली अहिराणी, मावची किंवा भिली. हे अंतर परक्या मिशनऱ्याला फारसे कापता येण्याजोगे नव्हते. ते काम गावातल्याच माणसाचे होते, आणि आजही आहे.

मराठी ख्रिस्ती गटाला स्वतःचा सूर दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेची सुरुवात वादातून झाली नव्हती. 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. पुढे वाचन आणि पत्रव्यवहार चालू राहिला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्याचे दार खुले ठेवले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून त्यांची पदे अजून घराघरात गायली जातात.

गटाची बैठक बहुधा रात्री, जेवणे उरकल्यावर भरते. कापूसवेचणीच्या दिवसांत वेळ आणखी लांबते. आधी एक-दोन भजने, मग साक्ष, मग वचन. समजा उतारा लूकच्या 19व्या अध्यायातला, यरीहोच्या जक्कयाचा आहे. वाचता येणारा मुलगा तो मराठीत वाचतो, पुढारी बोलीत सांगतो आणि मग एखाद्या म्हातारीला तो पुन्हा सांगायला लावतो. ती काही विसरली तर बाकीचे भर घालतात. येशूला पाहायला जक्कय उंबरावर चढला, हे सगळ्यांना पक्के लक्षात राहते. मग प्रश्न: येशू घरी आल्यावर त्याने पैशाचे काय केले? अर्धे गोरगरिबांना, लुबाडलेले चौपट परत. आपल्याकडे कुणाचे काही राहिले आहे का? इथे घर गप्प होते, आणि पुढाऱ्याची परीक्षा इथेच असते. त्या शांततेत स्वतःच प्रवचन सुरू करणारा पुढारी गटाचे नुकसान करतो. पुढच्या आठवड्याचा पहिला प्रश्न ठरलेला: गेल्या वेळी ठरवले ते झाले का?

काही मर्यादा मात्र कडकपणे पाळाव्याच लागतात. गटात सांगितलेले दुखणे चावडीवर जाता कामा नये. पुढाऱ्याने सभासदांशी उसनवारी करू नये. बाईचे मन बाईने ऐकावे. त्यासाठी जाणत्या स्त्रिया तयार कराव्यात. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण औषध थांबवायला कधीही सांगू नये. सिकलसेल आणि क्षय असलेल्या या भागात तो जिवाशी खेळ ठरतो. प्रार्थना आणि उपचार एकत्र चालू शकतात हे नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयाने दाखवलेच आहे. नव्याने येणाऱ्याला पैशाचे, नोकरीचे किंवा बरे होण्याचे आमिष दाखवणे तर पूर्ण वर्ज्य. राज्यघटनेचे 25वे कलम प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते, आणि दबावाने आलेली श्रद्धा मुळात श्रद्धाच नसते.

पुढाऱ्याचे सर्वांत अवघड काम म्हणजे आपल्या जागी दुसरा उभा करणे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल एकाच वाक्यात चार पिढ्या सांगतो: स्वतः पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि त्यांच्याकडून शिकणारे. गटात हे टप्प्याटप्प्याने घडते. होतकरू तरुणाकडे आधी वाचन, मग प्रार्थना, मग प्रश्न विचारण्याचे काम सोपवायचे. त्यानंतर सगळी बैठक त्याच्या हाती देऊन पुढाऱ्याने मागे बसायचे आणि काय चुकले ते घरी जाताना वाटेत, दोघांतच बोलायचे. माणसे पंधराच्या वर गेली की ओट्यावर बसलेल्यांना बोलण्याची संधी मिळत नाही. तेव्हा गट दोन घरांत विभागतात आणि नव्या घराची जबाबदारी त्या तरुणावर येते. कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे गेली तर टोळीबरोबर जाणारा असा एखादा तरुण मुकादमाच्या तळावरही बैठक चालवू शकतो. पाळकाने सगळ्या पुढाऱ्यांना ठरावीक दिवशी एकत्र बसवून त्यांच्या अडचणी ऐकायच्या आणि पुढच्या महिन्याचे उतारे ठरवून द्यायचे असतात.