कंपनीचं बोलावणं आलंय, गाडी नेलीत का?

ताम्हिणीचा प्लॅन ठरलाय. कोण येणार, स्पीकर कोणाचा, भजी कुठे खायची, यावर ग्रुपवर दोनशे मेसेज झालेत. गाडी बाबांची, नाहीतर मामाने सेकंड हँड घेतलेली. निघण्याआधी तुम्ही काय बघता? पेट्रोल, टायरमधली हवा, फार तर पीयूसी. या यादीत आणखी एक गोष्ट घाला. कंपनीने ही गाडी परत बोलावली आहे का?

याला रिकॉल म्हणतात. गाड्या विकून झाल्यावर एखाद्या भागात बनवतानाच दोष राहिल्याचं लक्षात येतं. मग त्या काळात बनलेल्या गाड्या तपासणीसाठी बोलावल्या जातात. जुलै 2023 मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून 87,599 गाड्या अशा बोलावल्या. संशय होता स्टिअरिंगच्या टाय रॉडवर. ऑगस्ट 2024 मध्ये 2,555 अल्टो के10 बोलावल्या. त्यांच्या स्टिअरिंग गिअरबॉक्समध्ये दोष असण्याची शक्यता होती. भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका, असं कंपनीनेच सांगितलं.

एवढं काय त्यात? तुम्ही स्टिअरिंग फिरवता, ते खाली गिअरबॉक्सपर्यंत पोचतं आणि तिथून दोन बाजूंचे टाय रॉड पुढची चाकं वळवतात. रॉड तुटला तर हातातलं स्टिअरिंग फिरेल, पण चाक ऐकणार नाही. घाटातल्या वळणावर याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. ‘आमची तर मस्त चालतेय की,’ असं म्हणून भागत नाही. कमकुवत भागही तुटेपर्यंत मस्तच चालू शकतो.

गोची होते ती निरोपाची. कंपनी कळवते ते तिच्या नोंदीतल्या मालकाला. गाडी सेकंड हँड असेल, तर मेसेज जुन्या मालकाच्या फोनवर जाऊ शकतो. बाबांनाच आला असेल, तर जाहिरात समजून डिलीटही झाला असेल. म्हणून आपणच बघायचं. आरसीवर 17 अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो. अनेक कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकला की गाडी रिकॉलमध्ये आहे का ते कळतं. नाही जमलं, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर सांगा.

गाडी यादीत निघाली, तर घाबरू नका आणि टाळूही नका. वेळ घ्या, भाग शिल्लक आहे ना ते विचारा. दोष स्टिअरिंगचा असेल, तर ‘गाडी चालवत आणू की तुम्ही उचलून न्याल?’ हेही विचारा. रिकॉलच्या दुरुस्तीचे पैसे मालकाने द्यायचे नसतात. नेहमीच्या सर्व्हिसिंगचं बिल वेगळं. जॉब कार्डवर रिकॉलचं काम झाल्याची नोंद करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

आपल्याकडे 2012 पासून कंपन्या स्वतःहून रिकॉल करत होत्या. 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने सरकारलाही तसा आदेश देण्याचा अधिकार मिळाला आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेला धोका ठरणारा दोष असेल, तर मालक सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात. एकाच मॉडेलच्या ठरावीक तक्रारी जमल्या की चौकशी होऊ शकते. म्हणजे तुमची एक तक्रारही मोजली जाते.

आणि बुलेटवाल्यांनो, हसू नका. मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी सुमारे 2 लाख 37 हजार बाइक बोलावल्या होत्या. त्यात बुलेटही होती.

तेव्हा आज रात्री जेवताना घरी गाडीची आरसी मागा. ‘आता कशाला?’ असा प्रश्न येईलच. हा लेख पुढे करा.