पीडीएफमधल्या फोटोवर टॅप केलं तरी लिंक उघडत नाही?

वरळीच्या बीडीडी चाळीचा पुनर्विकास सुरू झाला आणि आमचे शेजारी पांगले. गणपतीच्या आमंत्रणाची पीडीएफ मी सगळ्यांना पाठवली, पण नकाशाच्या फोटोवर टॅप केलं तर काहीच होईना! चूक माझीच. मी ‘प्रिंट’मधून पीडीएफ बनवली होती.

पीडीएफमध्ये लिंक फोटोच्या आत नसते. फोटोवर एक अदृश्य चौकोन असतो, लिंक त्यात असते. प्रिंट करताना बऱ्याचदा चित्र उरतं, चौकोन गळतो.

मग काय करायचं? कॉम्प्युटरवर गूगल डॉक्समध्ये:

१. फोटो सिलेक्ट करून कंट्रोल+के दाबा, पूर्ण लिंक पेस्ट करा.
२. फाइल → डाउनलोड → पीडीएफ.
३. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये लिंक राहत नाही.

पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर एकदा टॅप करून बघाच!