दात पाहायचे की घड्याळ?

जुन्नर-आंबेगावच्या घाटात बैलगाडा शर्यतीचा निकाल लागतो सेकंदांवर: पुढे घोडी, मागे चार बैलांचा गाडा. सातारा-सांगलीकडे मात्र ‘आदत’ खोंडांची, म्हणजे दुधाचे दात न पडलेल्यांची, शर्यत वेगळी असते. खालचा ओठ दाबून दात पाहतात; पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी (२४०० मीटर) फक्त चार वर्षांच्या घोड्यांची, तरी ग्रेड १, म्हणजे सर्वोच्च दर्जाची. मग आदतला अव्वल मान का नको? कारण चार वर्षांचा घोडा जवळजवळ भरलेला असतो, आदत खोंड अजून अंगानं वाढतोय. चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्याला मोठ्या बक्षिसामागं पळवू नये. त्याचं कौतुक जरूर करा. ‘घाटाचा राजा’ हा मान मात्र खुल्या शर्यतीतूनच ठरावा.