माळ्यावरचा कॉम्प्युटर शेवटी जातो कुठे?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधलं खोकणं काढलंय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. कॉलेजच्या सुट्टीत मी डहाणूतल्या एका छोट्या सेवा केंद्रात बसायचो. सातबारा, जातीचे दाखले, आधार स्कॅन करणं, असलं काम. एकदा मालक म्हणाले, "माळा रिकामा कर रे." मी दोन सीपीयू, एक जुना डबा मॉनिटर, बंद पडलेला यूपीएस आणि वायरींचा गठ्ठा भंगारवाल्या काकांच्या हातगाडीवर चढवला. आलेल्या पैशांचे वडापाव खाल्ले. दोन दिवसांनी नाल्याकाठी काळा धूर दिसला. कोणीतरी वायरी जाळत होतं. आमच्याच होत्या का, माहीत नाही. पण त्या रात्री भलतंच आठवलं: त्या सीपीयूंमध्ये शेकडो लोकांचे आधार स्कॅन होते, आणि मी काहीच पुसलं नव्हतं.

आधी धुराचं बोलू. वायरीवरचं आवरण बहुतेक पीव्हीसीचं असतं. ते उघड्यावर जळलं की आम्लाचा धूर निघतो आणि डायॉक्सिन तयार होतात. आतलं तांबं ती क्रिया आणखी वाढवतं. डबा मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, जुन्या सर्किट बोर्डांच्या डाखात शिसं असतं. हे मातीत गेलं की निघत नाही. यात भंगारवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही हं. त्याला भाव तांब्याच्या वजनाचा मिळतो, हाताने वायर सोलत बसला तर दिवस जातो, आणि तो धूर सगळ्यात आधी त्याच्याच छातीत जातो.

आता आपल्या भागाची गंमत बघा. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. भोवती २५ किलोमीटरचा बफर पट्टाही धरला होता, शेजारची तलासरी त्यातच. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली खास प्राधिकरण आलं. इतकी वर्षं भांडून प्रदूषण करणारे कारखाने बाहेर ठेवले, चिकूच्या वाड्या टिकल्या, २०१६ मध्ये डहाणू घोलवड चिकूला जीआय मानांकनही मिळालं. आणि वाडीच्या कुंपणाबाहेर आपल्याच ऑफिसची वायर जळते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही ना!

कायदा आहे. ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, १०६ प्रकारची उपकरणं त्यात येतात. जुना माल नोंदणीकृत ठिकाणीच द्यायची सक्ती 'मोठ्या ग्राहकांवर' आहे, म्हणजे वर्षात कधीही किमान एक हजार उपकरणं वापरणाऱ्या संस्थांवर. तलासरीच्या नाक्यावरचं तीन कॉम्प्युटरचं झेरॉक्स सेंटर त्यात कुठून बसणार? तरी वाट बंद नाही. उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकलेली आहे, त्यामुळे मोठ्या ब्रँडच्या वेबसाइटवर जुना माल परत घेण्याची सोय किंवा फोन नंबर सापडतो. दुसरी वाट थेट रिसायकलरची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी झालेल्यांची नावं असतात. कोणी व्हिजिटिंग कार्ड दाखवलं म्हणून विश्वास ठेवू नका, तिथे नाव बघा, आणि माल देताना वजनासकट पावती घ्या.

अडचण एकच: दोन कीबोर्डसाठी तलासरीपर्यंत टेम्पो कोण पाठवणार? म्हणून एकट्याने करू नका. एका गल्लीतला दवाखाना, पतपेढी, क्लासवाले, झेरॉक्सवाले मिळून माल साठवा आणि एकदाच बोलवा. शाळा किंवा ग्रामपंचायत असेल तर आधी जडवस्तू नोंदवहीतून रीतसर निर्लेखन करून घ्या, नाहीतर पुढच्या ऑडिटला गुरुजी किंवा ग्रामसेवक अडकतील.

यूपीएसची बॅटरी मात्र वेगळी काढा. तिचे नियमच वेगळे आहेत. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला द्या, तो बिलात पैसे वजा करतो. उघडून आतलं आम्ल गटारात ओतू नका.

आणि माझी ती चूक. डिलीट केलं, रिसायकल बिन रिकामी केली, म्हणजे फाइल गेली असं नाही. फक्त तिची जागा मोकळी दाखवली जाते. साध्या हार्ड डिस्कवर पूर्ण डेटा पुसणारं सॉफ्टवेअर चालवा, एसएसडी असेल तर कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा. डिस्क सुरूच होत नसेल तर काढून ड्रिलने तबकड्यांना आरपार दोन-तीन भोकं पाडा. एक सहसा कोणाला सुचत नाही: मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही हार्ड डिस्क असू शकते, स्कॅन केलेली पानं तिच्यात राहतात. मशीन विकण्याआधी मेकॅनिकला विचारा.

मी सध्या एक खोका ठेवलाय, आमच्या इमारतीच्या जिन्याखाली. आतापर्यंत चार माउस, एक राउटर, दोन चार्जर आणि कोणाचा तरी चालू असलेला रिमोट जमलाय. रिमोटवाल्यांनी घेऊन जा, प्लीज.