एक चित्र, दोन पडदे

शाळेचे विज्ञान प्रदर्शन दोन दिवसांवर आले आहे. लंबकाच्या आंदोलनांची तुम्ही घेतलेली चित्रफीत सर्वांना मोठी दाखवायची आहे. पण प्रोजेक्टर दुसऱ्या वर्गाने आधीच नेला! संगणक कक्षात सारखे दोन मॉनिटर मात्र मोकळे आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून दोहोंवर मिळून एकच चित्र पसरता येईल काय? येईल. पण काम वाटते तितके सरळ नाही.

दोन्ही मॉनिटर जोडल्यावर संगणकाला आधी सांगावे लागते, की दुसऱ्यावर पहिल्याची नक्कल नको, जागा वाढवून हवी. मग संगणक दोन्ही पडद्यांचा मिळून एकच मोठा आलेख-कागद कल्पितो. प्रत्येक मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० चित्रबिंदू असतील, तर हा कागद ३८४० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच होतो. चित्रफितीची विंडो या कागदावर कोठेही बसू शकते, अगदी मधल्या शिवेवरसुद्धा. तरीही 'फुल स्क्रीन' दाबताच चित्र टुणकन एकाच मॉनिटरवर जाऊन बसते. कारण त्या आज्ञेचा अर्थच मुळी 'विंडो ज्या मॉनिटरवर आहे तेवढा भरून टाक' असा ठरलेला असतो. तेव्हा ते बटण दाबायचे नाही. विंडोची कड माऊसने पकडून दुसऱ्या मॉनिटरच्या टोकापर्यंत ओढायची. काही ग्राफिक्स कार्डे याहून नामी युक्ती करतात. ए.एम.डी. कंपनीने २००९ साली आणलेली 'आयफिनिटी' पद्धत संगणकाला चक्क थाप मारते, की मॉनिटर एकच आहे, फक्त फार रुंद आहे!

खरी अडचण यापुढे आहे. तुमच्या चित्रफितीची रुंदी व उंची १६:९ या प्रमाणात आहे, आणि दोन मॉनिटरांचे मिळून प्रमाण झाले ३२:९. चित्राचा आकार जसाच्या तसा ठेवला, तर १०८० बिंदू उंचीला १९२० बिंदूच रुंदी मिळते. म्हणजे अर्धे चित्र डावीकडे, अर्धे उजवीकडे, दोन्ही टोकांना काळे पट्टे. आणि आकारमान एका मॉनिटरइतकेच! एवढा खटाटोप करून पदरात काय पडले? काहीच नाही.

मग चित्र आडवे दुप्पट ताणावे? वर्तुळाचे लंबवर्तुळ होईल, हे तर झालेच. पण लंबकाचे काय होते ते पाहा. दोरा उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर त्या कोनाचा टॅन्जंट ०.५७७ आहे. आडवे अंतर दुप्पट झाले, उभे तसेच राहिले. म्हणून टॅन्जंट १.१५५ झाला. पडद्यावर कोनमापक लावाल तर ४९ अंश मिळतील. साठ नव्हे, हेही लक्षात घ्या. मापनाच्या चित्रफितीत असले ताणणे माझ्या मते मुळीच करू नये.

तिसरा मार्ग छाटण्याचा. चित्र रुंदीने ३८४० बिंदू करा; उंची आपोआप २१६० होईल आणि त्यातली १०८०च दिसेल. निम्मे चित्र गेले, पण लंबकाच्या बाबतीत हे परवडते. वरचा स्टँड आणि खालचे टेबल गेले तरी गोळ्याचा कंस शाबूत राहतो आणि दुप्पट मोठा दिसतो.

आता मधली शीव. २४ इंची मॉनिटरचा उजळणारा भाग सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये ३६ बिंदू. दोन्ही चौकटींच्या कडा मिळून २ सेंटिमीटर भरत असतील, तर चित्र तेथे तुटून दोन तुकडे २ सेंटिमीटर दूर सरकतात. तिरपा दोरा शिवेवर मोडलेला दिसतो. यावर तोड अशी, की त्या जागेतले ७२ बिंदू दाखवायचेच नाहीत. खिडकीच्या गजामागून धावती आगगाडी पाहताना डबा मोडका वाटत नाही, थोडा झाकलेला वाटतो, तसेच हे.

राहिला काळाचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत गमतीचा वाटतो. प्रत्येक मॉनिटर सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र नव्याने काढतो. पण दोघांची घड्याळे वेगळी. एकाची वारंवारता ६० आणि दुसऱ्याची ५९.९४ असली, तर ते दर १७ सेकंदांनी जुळतात आणि पुन्हा फिसकटतात. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज लहानमोठा होत राहतो ना, त्यातलाच हा प्रकार. शिवाय तुमचा गोळा शिवेवरून जातो तो नेमका मध्यबिंदूपाशी, जेथे त्याचा वेग सर्वाधिक असतो! आवर्तकाल २ सेकंद आणि पडद्यावरचा आयाम १५०० बिंदू धरा. महत्तम वेग सेकंदाला सुमारे ४७०० बिंदू येतो. सेकंदाच्या साठाव्या भागात गोळा ७८ बिंदू, म्हणजे २ सेंटिमीटरहून थोडा अधिक सरकतो. एक पडदा तेवढा मागे राहिला, की गोळ्याची दोन अर्धी क्षणभर जुळत नाहीत.

सिनेमावाल्यांना या सर्व अडचणी संगणकापूर्वीच भेटल्या होत्या. आबेल गान्स या फ्रेंच दिग्दर्शकाने १९२७ साली 'नेपोलियन' चित्रपटाचा शेवट तीन प्रक्षेपकांनी तीन पडद्यांवर दाखवला. पुढे ३० सप्टेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'सिनेरामा' अवतरला. १४६ अंशांचा वक्र पडदा, आणि त्यावर तीन प्रक्षेपकांनी मिळून टाकलेले एक चित्र. चित्रांच्या कडा एकमेकींवर येत तेथे प्रकाश दुप्पट होई. म्हणून प्रक्षेपकात कंगव्यासारख्या दात्यांच्या, वेगाने हलणाऱ्या पट्ट्या बसवून कडा धूसर करीत. तरी शिवा दिसतच. तिन्ही मोटारी विजेने एकमेकींशी जखडलेल्या असत. एखादी फिल्म तुटून तिची काही चित्रे खराब झाली, तर तितक्याच चित्रांचा काळा तुकडा तेथे जोडावा लागे. नुसती टोके चिकटवली असती, तर तो तिसरा हिस्सा उरलेल्या दोघांच्या पुढे धावला असता. १९६३ साली सिनेरामाच्या नावाखाली ७० मिलिमीटरच्या एकाच फिल्मवरचा चित्रपट झळकला, आणि शिवांचा प्रश्न मिटला.

आजच्या मोठ्या चित्रभिंतींत मोटारींऐवजी एक सामाईक विद्युत्संकेत सर्व पडद्यांना एकदमच 'आता काढा' असे सांगतो. तुमच्या प्रदर्शनात तो नसेल. तेव्हा दोन्ही मॉनिटरांची वारंवारता सेटिंगमध्ये सारखी करा, आणि चित्रफीत घेतानाच कॅमेरा थोडा बाजूला धरून लंबकाचा मध्यबिंदू शिवेपासून दूर येऊ द्या.