ज्याचं नाव, त्याचीच अक्षरं

कोइची सातो आणि ताकेरु सातो हे जपानी चित्रपटांतले दोन नामवंत अभिनेते. दोघांचं आडनाव एकच. जपानीत ते एकाच चित्राक्षरांनी लिहिलं जातं, उच्चारही एकच, शेवटचा ‘ओ’ लांबवलेला. मात्र परदेशी प्रेक्षकांसाठी इंग्रजी अक्षरांत नावं छापली जातात, तेव्हा कोइची यांचं आडनाव एस-ए-टी-ओ या चार अक्षरांत संपतं आणि ताकेरु यांच्या आडनावामागे आणखी एक ‘एच’ येतो. दोन्ही रूपं बरोबर आहेत आणि प्रत्येकाने आपापलं रूप वर्षानुवर्षं जपलं आहे.

जपानी कलावंत परदेशी प्रेक्षकासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या कलेच्या आधी त्याचं नाव पोचतं. ते कोणत्या अक्षरांत पोचावं, हे ठरवणं म्हणजे आपल्याला जगाने कशी हाक मारावी हे ठरवणं. गेल्या सव्वाशे वर्षांत या कलावंतांनी तो निर्णय कसकसा घेतला, हे पाहिलं की एका सरळ दिसणाऱ्या स्पेलिंगमागे केवढा विचार असतो ते कळतं.

डॉक्टरांची पद्धत आणि सरकारची पद्धत

जपानी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची सर्वांत रूढ पद्धत जेम्स कर्टिस हेपबर्न यांच्या नावाने ओळखली जाते. हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर योकोहामात राहत. त्यांचा जपानी-इंग्रजी कोश 1867 मध्ये निघाला आणि 1886 च्या तिसऱ्या आवृत्तीने ही पद्धत सर्वदूर नेली. तिचा कान इंग्रजी आहे. ‘शि’साठी एस-एच-आय, ‘त्सु’साठी टी-एस-यू, ‘फु’साठी एफ-यू. इंग्रजी वाचणाऱ्याला साधारण बरोबर उच्चार करता यावा, हा तिचा हेतू.

भौतिकशास्त्रज्ञ तानाकादाते आइकित्सु यांनी 1885 मध्ये दुसरी पद्धत मांडली. तिने परक्याच्या कानापेक्षा जपानी वर्णमालेची शिस्त मोठी मानली. ‘त’च्या ओळीत सगळीकडे ‘टी’च हवा, म्हणून ‘त्सु’ टी-यू असा लिहायचा. ‘स’च्या ओळीत ‘एस’च, म्हणून ‘शि’ एस-आय असा. बाराखडी गिरवलेल्या मराठी माणसाला ही विचाराची रीत ओळखीची वाटेल, आणि त्याला कारणही आहे. जपानी वर्णांचा तो तक्ता बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे संस्कृत वर्णक्रमाच्या प्रभावातून घडलेला आहे.

या दुसऱ्या पद्धतीतून पुढे सरकारी ‘कुनरेइ’ पद्धत तयार झाली. 1937 मध्ये तिला मंत्रिमंडळाच्या आदेशाचं बळ मिळालं, 1954 मध्ये तिच्यावर पुन्हा शिक्कामोर्तब झालं. शाळेत मुलं ती शिकत राहिली. पासपोर्टवर, स्टेशनच्या पाट्यांवर आणि चित्रपटांच्या नामावल्यांत मात्र हेपबर्नचं राज्य चाललं. अभिनेते तोशिरो मिफुने यांनी कुनरेइ धरली असती, तर त्यांच्या आडनावात ‘एफ’ऐवजी ‘एच’ आला असता आणि जगाने त्यांना ‘मिहुने’ म्हटलं असतं. अखेर 2025 मध्ये संस्कृतिविषयक सरकारी परिषदेने हेपबर्नवर आधारलेल्या लेखनाची शिफारस केली.

‘ओ’ किती लांब?

मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची चर्चा ‘इ’ आणि ‘उ’पुरती असते. जपानीत ‘ओ’ही ऱ्हस्व किंवा दीर्घ असतो आणि त्याने नाव बदलतं. ‘ओ’ ऱ्हस्व असलेल्या ‘ओनो’ या आडनावात ‘लहान’ अर्थाचं चित्राक्षर आहे, दीर्घ ‘ओ’च्या आडनावात ‘मोठा’ अर्थाचं. कोशकार दीर्घत्व दाखवायला अक्षरावर आडवी रेघ देतात. ती रेघ पोस्टरवर क्वचितच टिकते, टंकयंत्रावर तर नव्हतीच. मग दीर्घ ‘ओ’वाल्या कलावंताने काय करायचं?

बुतो या आधुनिक जपानी नृत्यप्रकाराचे थोर नर्तक काझुओ ओनो यांनी ‘ओ’मागे ‘एच’ लावला. वयाची सत्तरी ओलांडल्यावर, 1977 मध्ये, त्यांनी ला आर्हेंतिना या स्पॅनिश नर्तकीला वाहिलेला नृत्यप्रयोग केला आणि पुढे युरोप-अमेरिका त्यांना त्या ‘एच’सकट ओळखू लागली. योको ओनो यांच्या आडनावात ‘एच’ नाही, कारण त्यांचा ‘ओ’ खरोखरच ऱ्हस्व आहे. जपानी न येणारा वाचक या दोघांचं आडनाव एकच समजेल. तो एक ‘एच’ त्यांना वेगळं ठेवतो. गंमत म्हणजे योको यांच्या पहिल्या नावातला ‘ओ’ दीर्घ आहे, पण तिथे त्यांनी कोणतीही खूण ठेवलेली नाही.

‘मोठा’ या चित्राक्षराने सुरू होणाऱ्या आडनावांचे गायक बहुधा हीच वाट धरतात. 1981 च्या ‘अ लाँग व्हेकेशन’ या गाजलेल्या अल्बमचे एइची ओताकी, 1977 च्या ‘सनशॉवर’च्या ताएको ओनुकी, ‘आराशी’ या गटाचे सातोशी ओनो, या सगळ्यांच्या आडनावात ‘एच’ आहे. पासपोर्टसाठीही दीर्घ ‘ओ’ असा लिहायची मुभा आहे. उलट संगीतसंचालक सेइजी ओझावा यांच्या नावात ‘लहान’चं चित्राक्षर, म्हणून साधा ‘ओ’.

परक्या जिभेला वाट दाखवताना

दुसरा मार्ग म्हणजे नियम बाजूला ठेवून परक्या वाचकाच्या सवयीचा उपयोग करणं. जपानी रंगभूमीवरून युरोपात कीर्ती मिळवणारी पहिली मोठी अभिनेत्री सादायाक्को. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात नर्तकी लोई फुलर यांच्या नाट्यगृहात तिने प्रेक्षकांना थक्क केलं. तिथे तिचं नाव दोन तुकड्यांत छापलं गेलं, ‘सादा’ आणि ‘याक्को’, जणू नाव आणि आडनाव. आणि ‘के’च्या जागी दोन ‘सी’ आले. हेपबर्नच्या नियमात ‘सी’ एकटा येतच नाही. तरी जगाच्या नाट्येतिहासात ती याच रूपात नोंदली गेली.

तिच्यानंतरच्या पिढीत हॉलिवुडचा पहिला आशियाई नायक घडला. किंतारो हायाकावा या तरुणाने ‘सेश्शू’ हे नाव घेतलं. 1915 च्या ‘द चीट’ने तो रातोरात तारा झाला आणि 1957 च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’साठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. नियमाने त्याचं नाव एस-ई-एस-एस-एच-यू असं व्हायला हवं. त्याने लिहिलं एस-ई-एस-एस-यू-ई. हे चुकीचं वाटतं, पण ‘टिश्यू’ आणि ‘इश्यू’ या इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं आठवून पाहावी. त्यांची शेवटची चार अक्षरं हीच आहेत आणि इंग्रजी बोलणारा ती ‘श्यू’ अशी म्हणतो. जे साधायला हेपबर्नला ‘एच’ लागला असता, ते इथे इंग्रजीच्या स्वतःच्या सवयीने साधलं.

गायिका-संगीतकार शीना रिंगो 1998 मध्ये पुढे आल्या. त्यांच्या आडनावातली दीर्घ ‘ई’ हेपबर्नने दोन ‘आय’ लिहून दाखवली असती आणि इंग्रजी वाचक अडखळला असता. त्यांनी डबल ‘ई’ घेतला. एकपात्री प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेले, स्कोर्सेसी यांच्या 2016 च्या ‘सायलेन्स’मध्ये दिसलेले इस्सेइ ओगाता नावाच्या शेवटी ई-आयऐवजी ई-वाय लिहितात. ई-आय दिसलं की इंग्रजी वाचकाने ते ‘आय’ असं म्हणण्याचा धोका असतो, तो टळतो.

‘जो’ या नावाची कथा आणखी रंजक आहे. दिग्दर्शक मियाझाकी यांच्या चित्रपटांना संगीत देणारे आणि स्वतः वाद्यवृंद चालवणारे जो हिसाइशी यांचं जन्मनाव मामोरु फुजिसावा. त्यांनी टोपणनाव घेतलं ते अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्स यांच्यावरून. ‘हिसाइशी’ची चित्राक्षरं ‘कुइशी’ अशीही वाचता येतात, ते क्विन्सी. आणि ‘जोन्स’चा झाला ‘जो’. अमेरिकन नाव आधी चित्राक्षरांत गेलं आणि रोमनमध्ये परतताना इंग्रजी ‘जो’सारखं, शेवटी ‘ई’ घेऊन आलं. अभिनेते जो ओदागिरी यांचं ‘जो’ मात्र जन्मापासूनचं जपानी आहे, तरी त्यांनीही तीच तीन अक्षरं पसंत केली.

या सगळ्यांत सर्वांत धीट निर्णय तालवादक त्सुतोमु यामाशिता यांचा. सहज बोलण्यात जपानी माणूस ‘शि’मधली इ आणि ‘त्सु’मधला उ जवळजवळ गिळतो, ऐकू येतं ते ‘यामाश्ता’ आणि ‘त्स्तोमु’. सगळ्या पद्धती तो न ऐकू येणारा स्वर लिहितात. यामाशितांनी तो काढूनच टाकला. आडनावात ‘आय’च्या जागी वरती एक स्वल्पविराम ठेवला आणि पहिलं नाव ‘स्टोमु’ असं एस-टीने सुरू केलं. 1976 मध्ये स्टीव विनवुड आणि क्लाउस शुल्झ यांच्यासोबत केलेल्या ‘गो’ या अल्बमवर हेच नाव आहे. कोणत्याही नियमात न बसणारं हे लेखन बोललेल्या जपानीच्या सर्वांत जवळ जातं.

‘एल’ की ‘आर’, आणि अक्षरांचं रूप

जपानीत ‘र’ आणि ‘ल’ वेगळे नाहीत. दोन्हींसाठी एकच ध्वनी, आणि हेपबर्न त्याला नेहमी ‘आर’ देतो. कलावंत मात्र निवड करतात. ‘योआसोबी’ या जोडीची गायिका इकुरा स्वतंत्रपणे गाते तेव्हा इकुता रिरा असते. हे ‘रिरा’ ती लायलॅक फुलाच्या फ्रेंच नावासारखं लिहिते, दोन ‘एल’ आणि शेवटी न उच्चारला जाणारा ‘एस’. मॉडेल ‘रोला’ने उलट केलं. जगभर ‘एल’ने किंवा ‘एल-ए’ने ओळखीचं असलेलं ‘लोरा’ तिने ‘आर’ने सुरू केलं आणि ते फक्त तिचं झालं. गिटारवादक मियावी यांचं नाव मूळ ‘मियाबी’; जपानीत नसलेला ‘व्ही’ घेऊन त्यांनी ते आपलं केलं.

रॉक संगीतात लहान-मोठ्या लिपीलाही अर्थ आला. ‘एक्स जपान’चे गिटारवादक हिदे आपलं नाव सगळं लहान लिपीत लिहीत, तर त्यांचे सहकारी योशिकी सगळं मोठ्या लिपीत. ‘लार्क-अँ-सिएल’चे गायक हाइड गटात लहान लिपीत असतात, एकट्याने गाताना मोठ्या. ‘डेमन स्लेयर’च्या गाण्याने 2019 मध्ये घरोघर पोचलेली लिसा मधला ‘आय’ तेवढा लहान ठेवते, कारण तिचं नाव चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहे.

आधी आडनाव की आधी नाव?

जपानीत आडनाव आधी येतं. मेइजी काळापासून परदेशी लोकांसाठी ते उलटवण्याची प्रथा पडली. 1 जानेवारी 2020 पासून सरकारी कागदपत्रांत रोमनमध्येही आडनाव आधी लिहायचं ठरलं. कलावंतांनी यातही आपापली वाट धरली. केन्शी योनेझु नाव आधी लिहितात. फुजिइ काझे आणि कोदा कुमी आडनाव आधी. हिकारु उतादा यांनी 2004 चा इंग्रजी अल्बम ‘एक्झोडस’ काढताना नुसतं आडनाव ठेवलं, व्हायोलिनवादक मिदोरी यांनी नुसतं नाव. काबुकीत नाव पिढ्यान्‌पिढ्या वारशाने मिळतं, तिथे घराण्याचं नाव पुढे असणं हा परंपरेचा भाग आहे.

आपण काय करावं?

2025 च्या त्या शिफारशीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिने व्यक्तीने स्वतः निवडलेल्या लेखनाचा मान ठेवला आहे. नियम सर्वांसाठी, नाव ज्याचं त्याचं, ही भूमिका मला योग्य वाटते. मराठीत चित्रपट आणि संगीतावर लिहिणाऱ्यांनीही ती घ्यावी.

जपानी नावं आपल्यापर्यंत बहुतेक वेळा इंग्रजीतून येतात आणि आपण इंग्रजी अक्षरांचा मराठी उच्चार करून मोकळे होतो. म्हणून ‘सेश्शू’चा ‘सेस्यू’ होतो, ‘हिदे’चा ‘हाइड’. खरं तर देवनागरीला ‘श्शू’ लिहायला कसरत करावी लागत नाही, ‘त्सु’ही सहज लिहिता येतो. दीर्घ ‘ओ’ सोडला तर जपानी ध्वनी बहुतांशी जसेच्या तसे टिपण्याची ताकद आपल्या लिपीत आहे. पुण्यात जपानी शिकण्याची-शिकवण्याची जुनी आणि सकस परंपरा आहे, त्यामुळे शंका विचारायलाही माणसं जवळच आहेत.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरावा. रोमनमध्ये लिहायचं असेल तेव्हा कलावंताने निवडलेलं रूप, त्यातला ‘एच’, लहान लिपी आणि क्रम यांसकट, जसंच्या तसं ठेवावं; ते सुधारू नये. देवनागरीत लिहिताना इंग्रजी स्पेलिंगमागे न जाता जपानी उच्चार शोधून लिहावा. एवढी काळजी आपण घेतली, तर दूरदेशीच्या कलावंताला त्याने ठरवलेल्या नावानेच मराठीत हाक मारता येईल.